कोरा, बालाफोन आणि लॅपटॉप: पश्चिम आफ्रिकेच्या सुरांतून ‘घर’ शोधणारी रचना कशी बांधावी

काही वर्षांपूर्वी मी कोऱ्याचं एक रेकॉर्डिंग ‘स्वच्छ’ करत बसलो होतो. (हा कोरा म्हणजे कोऱ्या कागदातला नव्हे. अर्ध्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणून वर २१ तारा चढवलेलं हे पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे लोकांचं वाद्य.) प्रत्येक स्वरामागे एक बारीक झणझण येत होती. मला वाटलं माइक बिघडला. अर्धा दिवस खपून ती झणझण पुसून काढली, खाली ड्रम मशीनचा ठेका टाकला, वर थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, सोडला. जे तयार झालं ते हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजवायच्या लायकीचं होतं.

नंतर कळलं की ती झणझण मुद्दाम केलेली असते. पारंपरिक कोऱ्याच्या घोडीला (तारा जिच्यावर टेकतात ती) पत्र्याची पातळ पट्टी लावतात आणि तिच्या कडेने तारेच्या कड्या ओवतात. तार छेडली की त्या थरथरतात. हल्ली मंचावर वाजवणारे बरेच जण ती पट्टी काढून ठेवतात, पण माझ्याकडच्या रेकॉर्डिंगात ती होती. बालाफोन म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांचं वाद्य; त्या पट्ट्यांखाली भोपळे टांगलेले असतात. त्या भोपळ्यांना भोकं पाडून त्यावर पूर्वी कोळ्याच्या जाळ्याचा पातळ पापुद्रा चिकटवत, आता प्लास्टिक किंवा सिगरेटचा कागद लावतात, तोही झणझणीसाठीच. म्हणजे मी तंबोऱ्याची जवारी पुसून तंबोरा ऐकायला बसलो होतो.

पुढे जे लिहिलंय ते त्या चुकीनंतर शिकलेलं आहे. परंपरा आणि आधुनिक संगीत यांचा मेळ घालताना स्टुडिओ ज्या तीन गोष्टी दोष समजून काढून टाकतो, म्हणजे झणझण, असमान लय आणि पियानोशी न जुळणारे स्वर, त्यांतच बहुतेक वेळा घर राहतं. तुमच्याकडे लॅपटॉप, एखादं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, एक-दोन माइक आणि दोन-तीन महिन्यांच्या संध्याकाळी असतील तर पाच मिनिटांची रचना होऊ शकते.

पहिली पायरी: एकच अंगण निवडा

‘आफ्रिकन संगीत’ हा शब्द आजपासून बंद. सेनेगलच्या वोलोफ लोकांचा एक हात-एक काठीने वाजणारा साबार, माली-गिनी-गांबियातला मांदे लोकांचा कोरा नि बाला (म्हणजेच बालाफोन), घाना-टोगोतल्या एवे लोकांची लोखंडी घंटा, नायजेरियातल्या योरुबांचा बोलणारा ढोल, उत्तर मालीतल्या तुआरेगांची वाळवंटी गिटार: ही वेगवेगळी घरं आहेत. सगळ्यांतून एकेक चिमूट घेतलीत तर त्यात कोणाचंच घर उरत नाही.

महाराष्ट्रात हा विषय काढला की कोणीतरी मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दींचं नाव घेतंच. त्यांचे पूर्वज प्रामुख्याने पूर्व आफ्रिकेकडून, हबसाण (आजचा इथिओपिया) आणि त्याच्या आसपासच्या किनाऱ्यावरून आले. पश्चिम आफ्रिका खंडाच्या दुसऱ्या टोकाला. ओढून-ताणून नातं जोडू नका. खरी नाती पुढे सापडतील.

या लेखापुरतं मी मांदे अंगण निवडतो, कारण तेच मला थोडंफार कळतं.

दुसरी पायरी: कोणतं घर, ते ठरवा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी वहीत चार शब्द लिहा. मालीतल्या बाम्बारा या मांदे भाषेत ‘सो’ म्हणजे घर. ‘फा’ म्हणजे बाप. म्हणून ‘फासो’ म्हणजे बापाचं घर, आणि पुढे मायदेश. बुर्किना फासोच्या नावात हाच शब्द बसलाय. आपल्याकडे ‘माहेर’ आईच्या घरावरून आलं, त्यांच्याकडे मायदेशच बापाच्या घरावरून. हा फरक गाण्यात उतरतो: आपलं माहेर आठवणारी बहुतेक बाई असते, फासोची आठवण काढणारा अनेकदा परदेशी राबणारा पुरुष.

त्या परदेशाला शब्द आहे ‘तुंगा’. तुंगा तुमची इभ्रत ओळखत नाही, अशी बाम्बारा म्हण आहे. गावात तुम्ही कोणाचे कोण ते परक्या मुलखाला काय ठाऊक? मालीच्या ‘काय’ (Kayes) नावाच्या भागातून फ्रान्सला गेलेल्या कामगारांच्या पिढ्या या म्हणीत मावतात.

उरलेले दोन शब्द सगळ्यात कामाचे. ‘बादेन्या’, म्हणजे एका आईची लेकरं असणं: सलोखा, घट्ट धरून राहणं. ‘फादेन्या’, म्हणजे एका बापाची पण वेगळ्या आयांची लेकरं असणं: चुरस, नाव काढण्यासाठी घराबाहेर पडणं. मांदे विचारात दोन्ही लागतात. मालीचं साम्राज्य उभारणारा सुंजाता आधी आईबरोबर परागंदा होतो आणि मगच परत येऊन राज्य घेतो. वंशपरंपरागत गाणारे जेली ही कथा आजही सांगतात.

आता स्वतःला विचारा: तुमची रचना निघण्याची आहे, परतण्याची, की परतलो तरी घर तेच नाही याची? उत्तर एका वाक्यात येत नसेल तर पुढे जाऊ नका. माझी पहिली रचना इथेच फसली होती. मला फक्त ‘छान वातावरण’ हवं होतं.

तिसरी पायरी: जोड्या लावून ऐका

दोन आठवडे काहीही बनवू नका. एकाच कलाकाराचं घरातलं आणि घराबाहेरचं काम शेजारी शेजारी ठेवून ऐका. मालीचे कोरावादक तुमानी दियाबाते (१९६५–२०२४) यांचा एकट्या कोऱ्याचा ‘कैरा’ आणि स्पेनच्या फ्लामेंको वादकांबरोबरचा ‘सोंघाई’ हे दोन्ही अल्बम १९८८चे. आधी पहिला ऐका, मग दुसरा. दुसऱ्यात कोरा कुठे मागे सरतो, कुठे अजिबात सरत नाही, ते वहीत मिनिट-सेकंदासह टिपा. मग २००५चा ‘इन द हार्ट ऑफ द मून’: तुमानी आणि गिटारवादक अली फारका तुरे, मालीची राजधानी बामाकोच्या हॉटेल मांदेत, फारशी तालीम न करता. ‘फ्यूजन’ म्हणजे भरणा असं ज्यांना वाटतं त्यांनी हा जरूर ऐकावा.

मालीचे गायक सालिफ केइता यांच्याकडे उलट्या क्रमाने जा. १९८७चा ‘सोरो’ सिंथेसायझर आणि ब्रासने गच्च भरलेला. २००२चा ‘मोफू’ लाकडी, उघडा, अंगणात बसल्यासारखा. केइता हे सुंजाताचं कुळ, म्हणजे खानदानी. त्या घरच्या मुलाने गाणं हाच मुळी घराशी घेतलेला पंगा होता, कारण गाणं हे जेलींचं काम. त्यांच्या आवाजातली ती ताण दिलेली हाक मला फादेन्याचा अर्थ कोणत्याही शब्दकोशापेक्षा जास्त सांगते.

आणखी एक नाव: सेनेगलच्या काझामान्स भागातले कोरावादक सेकू केइता आणि वेल्सच्या हार्पवादक कॅट्रिन फिंच. त्यांच्या २०१८च्या ‘सोअर’ची कल्पना दरवर्षी वेल्स आणि पश्चिम आफ्रिका यांच्यात ये-जा करणाऱ्या ऑस्प्री या मासेमार शिकारी पक्ष्याभोवती फिरते. घर दोन ठिकाणी असू शकतं, हे त्यात एकही व्याख्यान न देता येतं.

चौथी पायरी: वाजवणार कोण?

सॅम्पल पॅक (आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संच) विकत घेऊन कोरा मिळतो, पण त्यात एकेक सुटा स्वर असतो, हात नसतो. सरावापुरता ठीक. खऱ्या रचनेसाठी वादक शोधा. बामाको, बांजुल, डाकार, पॅरिस, लंडन इथले अनेक कोरावादक घरून रेकॉर्ड करून पाठवतात.

काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी लिखित करा: वाजवण्याचं मानधन, रचनेच्या हक्कातला वाटा, आणि नाव कुठे कसं छापणार. ‘पारंपरिक चाल आहे, तिला कोण मालक’ असं म्हणून वाटा टाळणं हा या धंद्यातला जुना लबाडपणा आहे. चाल पारंपरिक असली तरी तिची ही बढत त्या माणसाची असते.

आणि चाल कोणाची स्तुती आहे ते विचारा. दियाबाते, कुयाते, सिसोको ही जेलींची घराणी. त्यांच्या कित्येक रचना एखाद्या कुळाच्या किंवा योद्ध्याच्या नावाने बांधलेल्या आहेत. गांबियात कोरा शिकणाऱ्याला बहुधा सुरुवातीला ‘केलेफाबा’ देतात, ती केलेफा साने या योद्ध्याशी जोडलेली. पोवाड्याची चाल उचलून तिच्यावर भलतेच शब्द बसवले तर शाहिराला काय वाटेल, तो अंदाज इथेही लावा. नकार आला तर दुसरी चाल घ्या.

पाचवी पायरी: लॅपटॉपला वाद्याशी जुळवा, वाद्याला लॅपटॉपशी नाही

इथे घाई करू नका. बहुतेक रचना इथेच मरतात.

कोऱ्याच्या दांड्यावर पूर्वी चामड्याच्या कड्या असत, त्या वर-खाली सरकवून सूर लावत. आता बऱ्याच कोऱ्यांना गिटारसारख्या खुंट्या असतात. सप्तकात सात स्वर. लावण्याच्या मुख्य चार पद्धती: सिलाबा (हिलाच तोमोरा बा म्हणतात), साउता, हार्दिनो, तोमोरा मेसेंगो. आपल्या कानाला सिलाबा साधारण बिलावल थाटासारखी वाटते. साउतात मध्यम तीव्र होतो, म्हणजे थेट कल्याण थाट. हे खरं नातं आहे. पण इथेच मोहही आहे: साउता ऐकली की मराठी बोटं आपोआप ‘नि रे ग’ घेऊन यमनात शिरतात. थाट एक असला म्हणून राग एक होत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. यमन बाजूला ठेवा.

‘बिलावलसारखी’ म्हणजे बिलावल नव्हे, हेही लक्षात ठेवा. वादकागणिक स्वर थोडे चढे-उतरे असतात. बालाफोनमध्ये तर फरक फारच. एका सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पियानोचा पूर्ण स्वर २०० सेंटचा, अर्धा १००चा. मांदे बालाफोन सप्तकाचे जवळपास सात समान भाग करतो: १२०० भागिले ७, म्हणजे सुमारे १७१ सेंटची प्रत्येक पायरी. षड्जापासून दोन पायऱ्या चढलात की ३४३ सेंटवर येता: कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध. हा बेसूर नाही, तिथला गंधार तिथेच आहे. चार पायऱ्यांवर ६८६ सेंट, म्हणजे आपल्या पंचमाच्या (७०२) अगदी जवळ.

यातून करायचं ते असं:

१. वादकाकडून सुरुवातीला प्रत्येक तार (किंवा पट्टी) एकेकदा वाजवून घ्या, पूर्ण आवाज विरेपर्यंत.
२. ट्यूनरवर प्रत्येक स्वर किती सेंटवर आहे त्याचा तक्ता करा. तासाभराचं काम.
३. तो तक्ता सिंथेसायझरला द्या. बऱ्याच सॉफ्टवेअर सिंथमध्ये स्वतःची स्वरपद्धत भरता येते. एबलटन लाइव्ह १२ मध्ये तर ही सोय आतच आहे. जमत नसेल तर सिंथ सोडा आणि बेस-गिटारवाल्याला कानाने वाजवू द्या.
४. पॅड (सिंथचा मागे लांबत राहणारा आवाज) आणि कॉर्डमध्ये गंधार ठेवू नका. षड्ज-पंचम पुरे. गंधार बालाफोनला किंवा गळ्याला द्या. एवढा एक नियम पाळलात तरी निम्मी भांडणं मिटतात.
५. ऑटो-ट्यून बंद. वाद्यावर तर नाहीच, गायकावरही नाही.

हवेतल्या दमटपणाने चामडं सैल पडतं आणि सूर उतरतात. म्हणून दर अर्ध्या तासाने पुन्हा सूर तपासायला सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशीचा टेक पहिल्या तक्त्यात बसणार नाही.

सहावी पायरी: लूप नको, कुम्बेंगो घ्या

कोरा दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी अशा चार बोटांनी वाजतो. त्यात दोन गोष्टी चालतात. ‘कुम्बेंगो’, म्हणजे फिरत राहणारी बैठकीची चाल, आणि ‘बिरिमिंतिंगो’, म्हणजे तिच्यातून एकदम सुटणाऱ्या वेगवान ताना. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवाला लेहरा धरतो ना, तसा कुम्बेंगो. फरक इतकाच की इथे लेहरा आणि एकलवादन दोन्ही त्याच चार बोटांत असतं.

लॅपटॉपची सवय अशी की चार आवर्तनं कापायची आणि चिकटवत सुटायचं. ऐकायला कुम्बेंगोसारखं वाटतं, पण कुम्बेंगो दर फेरीला किंचित बदलतो; एखादा स्वर गाळला जातो, एखादा मागे रेंगाळतो. वादकाला सलग आठ मिनिटं वाजवू द्या आणि त्यातली सलग पाच घ्या. कापायचंच असेल तर आवर्तनाच्या सुरुवातीला कापा, मधून नाही.

मेट्रोनोम? मी तो वादकाच्या कानात घालत नाही. आधी त्याला मोकळं वाजवू द्या. मग सॉफ्टवेअरमध्ये दर आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर हाताने टेम्पो मार्कर ठेवत जा, म्हणजे तुमचे ड्रम त्याच्या मागे चालतील. पाच मिनिटांच्या तुकड्याला दीड-दोन तास लागतात. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

तालवाद्यांचंही तेच. जेंबेबरोबर दुनदुन नावाचे तीन ढोल असतात: केंकेनी, सांगबान आणि सगळ्यात मोठा दुनुनबा. ऐकणाऱ्याचं लक्ष जेंबेकडे जातं, पण चाल ओळखायची ती बहुतेक वेळा सांगबानवरून. संगीत-अभ्यासक राइनर पोलाक यांनी बामाकोच्या जेंबे-वादनाची मोजमापं घेऊन दाखवलंय की तिथे मात्रेचे भाग अनेकदा समान नसतात, आणि ही असमानता त्या त्या चालीची ओळखच असते. म्हणजे क्वांटाइझचं (ठोके आपोआप समान अंतराच्या ग्रिडवर बसवणारं) बटण दाबलंत की चालीचं नावच पुसलं गेलं. लावणीच्या ढोलकीवाल्याला ग्रिडवर बसवून बघा, मी काय म्हणतोय ते दोन मिनिटांत कळेल.

कानाला सराव हवा असेल तर एवे लोकांची अग्बाद्झाची घंटा हातावर घ्या. बारा मात्रा मोजा आणि १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर टाळी द्या. पायाने चार समान ठोके धरा (१, ४, ७, १०). जमलं की पाय सहा ठोक्यांवर न्या (१, ३, ५, ७, ९, ११). टाळी तीच, पण गाणं वेगळं वाटायला लागतं. कोळीगीतांचा सहाचा झोका अंगात असलेल्यांना हे लवकर जमतं. फक्त ही घंटा घेऊन कोऱ्याखाली लावू नका. ते अंगण वेगळं.

सातवी पायरी: रेकॉर्डिंग

कोऱ्याला दोन माइक: एक घोडीकडे रोखलेला, दुसरा भोपळ्याच्या भोकाजवळ, साधारण हातभर अंतरावर. बालाफोनला वरून दोन आणि खाली भोपळ्यांजवळ एक, नाहीतर झणझण येणारच नाही. नॉइज गेट, डी-नॉइज अशी आवाज ‘साफ’ करणारी साधनं, सगळी बंद. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुरे.

दुसरा कोणी कोऱ्याच्या भोपळ्यावर बोटांनी किंवा काठीने ठोका धरत असेल तर त्याला थांबवू नका. तो त्या वादनाचा भाग आहे.

घराचे आवाजही गोळा करा. ते वादकाकडून मागवा, इंटरनेटवरून उतरवू नका. सिंहाची डरकाळी, जंगलातली रात्र हा पर्यटकांचा माल. खरं घर म्हणजे अंगणात मुसळाने कुटली जाणारी बाजरी, दोघी-तिघी आळीपाळीने मारतात तेव्हा त्यालाही ताल येतो. किंवा अताया: हिरव्या चहाच्या तीन फेऱ्या, छोट्या पेल्यांतून उंचावरून ओतून फेस आणलेल्या. या ओतण्याचा आवाज मी एकदा शेकरच्या जागी वापरला, आणि आजवर तो कोणी ओळखला नाही.

आठवी पायरी: आधुनिक बाजू आणि मांडणी

आता ड्रम, बेस, सिंथ. वहीतली बादेन्या-फादेन्या ही जोडी उघडा. मी कुम्बेंगोला बादेन्या समजतो आणि बिरिमिंतिंगोला फादेन्या. हा माझा हिशेब, मांदे शास्त्र नव्हे. पण मांडणी त्याने सोपी होते.

पहिलं मिनिट: अंगणाचा आवाज आणि कोरा, दुसरं काही नाही. दुसऱ्या मिनिटात सब-बेस (अगदी खालचा, खोल बेस), फक्त षड्ज-पंचमावर, डाव्या अंगठ्याच्या मागोमाग. दुनुनबा असेल तर बेस त्याच्या जागेत घुसवू नका. दोघांपैकी एकाने खालची जागा घ्यावी, माझं मत दुनुनबाने. तिसऱ्या मिनिटाला किक (ड्रमचा खालचा जड ठोका) येऊ दे. चार सरळ ठोक्यांचा किक बाराच्या झोक्याखाली चालतो, मात्र तो टेम्पो मार्करवरच बसवा. गिनीच्या मोरी कांते यांनी १९८७ मध्ये कोरा थेट डिस्कोत नेला आणि युरोप नाचला. तेव्हा ‘हे चालत नाही’ असं कोणी सांगू नये. चौथ्या मिनिटाला ताना मोकळ्या सोडा, सिंथ बंद करा. मग कुम्बेंगोवर परत या, पण किंचित बदलून: एक तार गाळलेली, किंवा बेस तसाच राहिलेला. परतलेला माणूस तोच नसतो, हे सांगायला शब्द लागत नाहीत.

शब्द हवेच असतील तर जेलींच्या गाण्यात ‘सातारो’ म्हणजे तालाला फारसं न बांधलेलं निवेदन असतं. रॅप किंवा बोलकं गद्य तिथे बसू शकतं. ‘जेली म्हणजे जुने रॅपर’ हे वाक्य सगळीकडे फिरतं, ते मला अर्धवट वाटतं. जेली समोर बसलेल्या माणसाची वंशावळ जाणतो आणि त्याला तोंडावर सांगतो. तुमचा रॅपर कोणाशी बोलतोय ते आधी ठरवा. भाषा बाम्बारा किंवा मांदिंका असेल तर उच्चार वादकाकडून तपासून घ्या. मराठी असेल तर ती तुमच्या घराबद्दल असू दे, मालीबद्दल नको.

मिक्सिंगमध्ये एकच आग्रह: मोठ्या चर्चसारखा रिव्हर्ब नको. हे अंगणातलं संगीत आहे. अंगणाला भिंती असतात, छप्पर नसतं. थोडा कोरडा आवाज ठेवा.

शेवटी

पहिलं मिक्स व्हॉट्सॲपवर वादकाला पाठवा. तो ते बहुधा फोनच्या स्पीकरवर, घरच्यांच्या गराड्यात ऐकेल. तुमच्या महागड्या हेडफोनपेक्षा ही परीक्षा कडक. फक्त दोन प्रश्न विचारा: कोरा सुरात वाटतो का, आणि पाय हलला का? ‘आवडलं का’ विचारू नका, माणसं भिडेखातर हो म्हणतात.

मग श्रेयनामावली. त्यात वाद्य, सूर लावण्याची पद्धत, मूळ चालीचं नाव, भाषा आणि वादकाचं गाव लिहा. मानधन ठरल्या दिवशी पाठवा.

माझ्या दुसऱ्या प्रयत्नाला उत्तर एका ओळीत आलं. सूर ठीक होता, घोडीवरची पट्टी ऐकू येत नव्हती. मी ती तीन डेसिबल वर घेतली.